नकाशा कुणाचा?

(दृश्य : वडगाव, बेळगाव. भरदुपार. बोळातून मागांचा खडखडाट.)

वडगावच्या या बोळात दिवसभर माग चालतात. दारात उभं राहून बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. इथं कुणी ड्रम बडवला तर तक्रार करायला कोण येणार? म्हणून तर ही जागा धरली. माग विकून मोकळी झालेली शेड, फरशीवर तेलाचे काळे डाग, खिडकीत पडून राहिलेला एक धोटा आणि मधोमध साठी ओलांडलेल्या चौघांचा नवा पंक बँड.

(ड्रमच्या काठ्या एकमेकींवर चार वेळा वाजतात. गाणं सुरू.)

दोन मिनिटांच्या आत गाणं खल्लास. पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं धडाकेबाज रॉक संगीत, त्याची रीतच ती. न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या बँडनं १९७६ साली पहिला अल्बम काढला. त्यात १४ गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. तीन-चार कॉर्ड (एकदम छेडलेले सूर), जोरकस ठोका, आणि जे सांगायचं ते तोंडावर. लंडनमध्येही त्याच सुमाराला सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश हे बँड उभे राहिले.

हे सगळं बेळगावात पोचायला काही वर्षं गेली. ऐंशीच्या दशकात हे चौघं एकाच ऑर्केस्ट्रात होते. गणपतीत मंडळांपुढे, लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगला हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचे. कुणीतरी गोव्याहून एक कॅसेट आणली आणि यांचं डोकं फिरलं. कार्यक्रम आटोपला, खुर्च्या उचलायला लागले, की हे ती गाणी वाजवत बसायचे. ऐकायला फक्त मांडववाले. पुढं ऑर्केस्ट्रा मोडला. एकजण बँकेत चिकटले, एक उद्यमबागेत फाउंड्रीत गेले, ड्रमर घरच्या मागावर बसले, गाणारे येळ्ळूरला शेतात. आता साठीनंतर चौघं पुन्हा जुळलेत.

(जवळून : गिटारवर उजवा हात.)

हा हात नीट बघा. रॅमोन्सचा गिटारवादक जॉनी तारेवर सगळे फटके वरून खालीच मारायचा. हात परत वर नेताना तार छेडायची नाही. त्यानंच तो करवतीसारखा आवाज निघतो. पण या वेगानं असं वाजवणं विशीतल्या मनगटालाही जड जातं. बँकेतून निवृत्त झालेले हे काका प्रत्येक गाण्यानंतर गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबत राहतात. फटका बदलून सोपं करा, असं बाकीच्यांनी कितीदा सांगून झालं. ते ऐकत नाहीत. आम्हाला त्यांचं पटतं.

जुने बँड पुन्हा जुळतात तेव्हा बहुतेक जुनीच गाणी वाजवतात. १९९६ मध्ये सेक्स पिस्टल्सनी तेच केलं. यात गैर काही नाही. लोकांना तेच हवं असतं. पण लॉस एंजेलिसच्या कीथ मॉरिसची गोष्ट आम्हाला जास्त भावते. ब्लॅक फ्लॅगचा पहिला गायक, नंतर सर्कल जर्क्सचा. पन्नाशी उलटल्यावर त्यानं नवी गाणी लिहायला घेतली, पण जुन्या साथीदारांशी सूर जमेना. मग २००९ मध्ये त्यानं ती गाणी उचलली आणि ऑफ! नावाचा नवा बँड उभा केला. दुसऱ्याच वर्षी १६ गाणी काढली.

आणि वेळ कुणासाठी थांबत नाही. क्लॅशचे जो स्ट्रमर आणि मिक जोन्स १९८३ मध्ये वेगळे झाले. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला, संपावर गेलेल्या अग्निशमन कामगारांच्या मदतीसाठी स्ट्रमर गात होता, तेव्हा प्रेक्षकांतला जोन्स गिटार घेऊन मंचावर चढला. पुढच्याच महिन्यात स्ट्रमर गेला, पन्नासाव्या वर्षी. त्या दोघांचं मंचावर पुन्हा एकत्र येणं राहिलं ते राहिलंच.

(दृश्य : येळ्ळूरचं शिवार, कापणीला आलेलं भात.)

या चौघांचं नवं गाणं इथलं आहे. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती पंचक्रोशीत नावाजलेला. हलगा-मच्छे बायपास याच सुपीक जमिनीतून आखला, आणि शेतकरी वर्षानुवर्षं कधी बांधावर, कधी कोर्टात झगडत राहिले. गाणाऱ्या मामांचं शेतही त्यातच.

(गाणं, मोठ्यानं.)

‘भात माझं, बांध माझा, नकाशा कुणाचा?’

शेवटची ओळ कन्नडमध्ये आहे : ‘नक्षे यारदु?’ म्हणजे तेच, नकाशा कुणाचा? त्यावरून शेडमध्ये बरीच वादावादी झाली. मामांनी एका वाक्यात मिटवली : “बांधापलीकडचा गडी कन्नड बोलतोय, मर्दा, आणि जमीन त्याचीबी गेलीया.”

(दृश्य : शेडचं दार. मंडळाची पोरं आत येतात.)

पहिला कार्यक्रम येत्या गणपतीत, गल्लीतल्या मंडळापुढे. बँडला अजून नाव नाही. पोरांची एकच अट आहे : काका, दोन तरी जुनी हिंदी गाणी घ्या, लोक थांबतील. ड्रमर काठ्या खाली न ठेवताच सांगतात, “जुनी गाणी ऐकायला मोबाईल हाय की लोकांकडं. आम्ही कशाला पायजे?”

पोरं एकमेकांकडे बघतात. मग त्यांतला एकजण विचारतो, स्पीकर किती लागतील?