भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

बांधकामावरचा मृत्यू म्हटलं की आपल्याला आधी उंची आठवते. परांचीवरून पडलेला गवंडी, लिफ्टच्या डक्टमध्ये गेलेला बिगारी. तिथले उपाय सगळ्यांना पाठ आहेत: जाळी, कठडा, बेल्ट. (बेल्ट कमरेला असतो, हुक मात्र हवेत लोंबकळत असतो, हेही सगळे जाणतात.) आज मी बोलणार आहे ते खड्ड्याबद्दल आणि खड्ड्याकाठी झोपणाऱ्यांबद्दल.

29 जून 2019 ची मध्यरात्र उलटून गेली होती. पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत खालच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. बिहारहून पोटासाठी आलेले हे लोक कामावर नव्हते, झोपेत होते. दोन-तीन दिवसांतच आंबेगावात अशीच भिंत पडली आणि आणखी 6 जण गेले. पावसाला दोष देणं सोपं आहे, पण जूनमधला पाऊस पुण्याला काही नवा नाही.

अशी भिंत पडते कशी? तिच्यामागे मातीचा भराव असतो. पाऊस मुरला की एक घनमीटर माती दोन टनांच्या घरात जाते आणि पाणी भिंतीला मागून रेटू लागतं. हे पाणी निघून जावं म्हणून भिंतीत भोकं ठेवतात. ती बुजलेली असली, की रेटा वाढतच जातो. त्यातच शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदाई झालेली असेल, तर भिंतीच्या पायाचा आधारही गेलेला असतो. आणि झोपड्या बरोबर तिथेच का? कारण प्लॉटवर तेवढीच कडेची पट्टी मोकळी उरते!

पायाच्या खोदाईतही हीच माती जीव घेते. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला उतार द्या, नाहीतर आधार लावा. उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाका. हे नियम जुनेच आहेत. पण फळ्या आणि जॅक भाड्याने आणायचे म्हणजे खर्च, मग ‘दोन तासांचं तर काम आहे’ म्हणून माणूस तसाच उतरवला जातो. मुकादमदादा, काठावर लांब भेग दिसली, तर आधी माणसं वर काढा, इंजिनिअरला फोन नंतर.

कामगार बंधू-भगिनींनो, वर्षात 90 दिवस बांधकामावर भरले असतील, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्या. त्यासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बिल्डरने भरायचाच असतो.

आणि सोसायटीतल्या मंडळींनो, उद्या उजेडी आपल्या भिंतीपलीकडे डोकावून बघा. खाली खड्डा आणि पत्र्याच्या खोल्या दिसल्या, भिंत फुगलेली वाटली, तर फोटो जोडून महापालिकेला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.