आठवा धावत होता

(दृश्य : जुनं रंगीत चित्रण. मैदान, खचाखच भरलेली गॅलरी. मूळ आवाज बंद.)

27 जानेवारी 1973. शनिवारची दुपार. वेल्सची राजधानी कार्डिफ, मैदान आर्म्स पार्क. सामना रग्बीचा.

काळ्या कपड्यांतला संघ न्यूझीलंडचा. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांतले बार्बेरियन्स. हा कुठल्या देशाचा संघ नाही, त्यांना स्वतःचं मैदानही नाही. बोलावणं आलं की खेळाडू जमतात, खेळतात आणि पांगतात. जर्सी सगळ्यांची एक. पण जरा पायांकडे बघा. मोजे ज्याचे त्याचे, आपापल्या क्लबाचे. बार्बेरियन्सची ही जुनी रीत. माणूस पाहुणा म्हणून खेळला, तरी पायात त्याचं गाव राहतं.

ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच: चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हाताने तो मागेच द्यायचा. पुढच्याला दिला की चूक. म्हणून मागून कोणीतरी धावत येतंय, यावर भरवसा लागतो.

(दृश्य : उंच उडालेला चेंडू. पाठमोरा पळणारा खेळाडू.)

सामना नुकताच सुरू झालाय. न्यूझीलंडच्या ब्रायन विल्यम्सने चेंडू लांब उडवला. त्याच्यामागे, स्वतःच्याच गोलरेषेकडे पळत सुटलाय तो फिल बेनेट. अशा वेळी शहाणा माणूस चेंडू मैदानाबाहेर मारतो आणि श्वास घेतो.

बेनेट वळला. हे आपण सावकाश बघू.

उजव्या पायावर भार, हुलकावणी, एक गेला. पुन्हा तोच पाय, दुसरा गेला. पुन्हा. तीन जणांना चकवलं की चार, हे मोजणाऱ्यागणिक बदलतं. अंगावर धावून येणारे सगळे त्याच्यापेक्षा धिप्पाड. आपल्या कबड्डीत चढाईपटू कोपऱ्यात सापडतो आणि अंग चोरून निसटतो ना, तसं. फक्त इथे परतीची मध्यरेषा नाही, समोर सगळं मैदान पडलंय.

(दृश्य : लानेली. डोंगराकडे चढणारा रस्ता, खेटून उभी असलेली घरं. नंतर स्टेडियमचे गोलखांब, वर लाल पातेली.)

बेनेट लानेलीजवळच्या वेलिनवोएल गावचा. लानेली हा उच्चार आपल्या सोयीचा. मूळ वेल्श उच्चारात जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडावी लागते. ‘ळ’ म्हणणाऱ्या आपल्या जिभेलाही ते जमलं नाही.

गोलखांबांच्या टोकाला पातेली आहेत. खरीखुरी, दांड्याची. हे गाव कल्हईच्या पत्र्याचं. पोलादाच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा चढवायचे कारखाने इथे होते, भांडी घडायची. गावाचं लाडकं गाणंही पातेल्याचंच. बेनेट स्वतः पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. गिरणगावात पाळी सुटली की चाळीमागच्या मातीत कबड्डीचे डाव पडत, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे गाव परकं वाटणार नाही.

कार्डिफच्या सामन्याच्या तीनच महिने आधी, 31 ऑक्टोबर 1972 ला, याच न्यूझीलंडला या गावाच्या क्लबाने 9-3 असं हरवलं होतं. देशाने नाही, क्लबाने. त्या रात्री इथल्या पबमधली बिअर संपली, हे आजही अभिमानाने सांगतात.

त्या क्लबाचे प्रशिक्षक होते कार्विन जेम्स. खाणकामगाराचा मुलगा, वेल्श भाषेचा प्राध्यापक. 1971 मध्ये ब्रिटिश लायन्सचा, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या निवडक खेळाडूंचा संघ न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकून आला, तो यांच्या हाताखाली. लायन्सना तिथे मालिका जिंकता आली ती तेवढी एकदाच. कार्डिफच्या सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंशी बोलायलाही तेच होते.

आणि बेनेट त्या दिवशी त्या जागेवर होता, कारण बॅरी जॉन नव्हता.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. बॅरी जॉन.)

बॅरी जॉन जेम्स यांच्याच गावचा, केवनेइथिनचा. 1971 च्या दौऱ्यानंतर लोक त्याला ‘किंग’ म्हणू लागले. एका बँकेच्या कार्यक्रमात एका मुलीने त्याला गुडघे वाकवून मुजरा केला, राजाला करतात तसा. तो घाबरला. 1972 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळणं सोडलं.

घाबरायचं आणखी एक कारण होतं आणि ते साधं आहे. या खेळात पैसे मिळत नव्हते. पन्नास हजार माणसं तिकीट काढून आत बसायची आणि आत खेळणारा सोमवारी सकाळी कामावर हजर. पैसे घेतले, तर बाहेर. निवृत्तीनंतर स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहून मानधन घेतलं, तरी बाहेर. बॅरी जॉनचं तेच झालं. पुढे आणखी एकाचं झालं. तो आता येईलच.

(दृश्य : पुन्हा सामना.)

बेनेटने चेंडू दिला जेपीआर विल्यम्सकडे. कल्ले राखलेला, मोजे घोट्यापर्यंत घसरलेला तो. ब्रायन विल्यम्सने त्याच्या थेट गळ्यात हात घातला. आज कार्ड निघालं असतं. फ्रेंच पंच जॉर्ज डोमेर्क यांनी शिट्टी वाजवली नाही, म्हणून आपल्याला पुढचं दिसतंय.

(दृश्य : जेपीआर. टेनिसचं छायाचित्र. मग जखमी चेहरा.)

जेपीआर ब्रिजेंडच्या डॉक्टर घरातला. 1966 मध्ये विम्बल्डनला ज्युनिअर गटातलं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलेला आणि पुढे अस्थिरोगतज्ज्ञ झालेला. 1978 मध्ये ब्रिजेंडकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळताना बुटाचे खिळे त्याच्या चेहऱ्यावर पडले, गाल आरपार फाटला. बाहेर नेऊन वडिलांनीच टाके घातले. सुमारे तीस. आणि हा परत मैदानात उतरला.

(दृश्य : सामना. आता न थांबता.)

जेपीआर पडता पडता देतो. जॉन पुलिन. चेंडू ज्यांच्या हातून गेला त्या सातांतला एकटाच इंग्लिश, पेशाने शेतकरी. पुलिन, कर्णधार जॉन डॉज. डॉज मोकळ्या जागेत सुटतो. टॉम डेव्हिड, लानेलीचा. एका हाताने, जमिनीलगत. डेरेक क्विनेल, तोही लानेलीचा. क्विनेल डावीकडे बघतो, तिथे एक जण धावतोय. चेंडू त्याच्यासाठी निघतो. आणि मागून वाऱ्यासारखा कोणीतरी मध्ये शिरतो.

गॅरेथ एडवर्ड्स.

(दृश्य : मूळ आवाज सुरू. समालोचन.)

हा आवाज क्लिफ मॉर्गन यांचा. नेहमीचे समालोचक बिल मॅकलॅरन आजारी, म्हणून यांना बसवलं. मॉर्गन रॉन्दा खोऱ्यातले, स्वतः वेल्सकडून खेळलेले. आवाज कुठे चढतो ऐका. कोपरा. बचाव करणारा अंगावर येतोय. खो-खोत मारतात तसा सूर. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकला. याला ट्राय म्हणतात. तेव्हा त्याचे चार गुण.

पहिल्या हुलकावणीपासून इथपर्यंत अर्धं मिनिटही झालेलं नाही.

(दृश्य : ग्वाउन-के-गुरवेन गाव. नंतर कार्डिफमधला पुतळा.)

एडवर्ड्सही खाणकामगाराचा मुलगा. विसाव्या वर्षी वेल्सचा कर्णधार. 1967 ते 1978, सलग 53 सामने, एकही न चुकवता. कार्डिफच्या बाजारपेठेत त्याचा पुतळा आहे, हातात चेंडू, नजर बाजूला. 2015 मध्ये त्याला ‘सर’ केलं. पण 1978 मध्ये आत्मचरित्राचे पैसे घेतल्यावर याच माणसाला खेळाच्या दारातून बाहेर काढलं होतं.

सामना बार्बेरियन्सनी 23-11 असा जिंकला. पुढे खाणी बंद पडल्या. 1995 मध्ये रग्बीत पैसे घेणं अधिकृत झालं.

(दृश्य : चार चेहरे, एकामागून एक.)

चेंडू ज्यांच्या हातून पुढे गेला त्यांतले पहिले चौघे आता नाहीत. पुलिन आणि डॉज 2021 मध्ये गेले. बेनेट 2022 मध्ये. जेपीआर जानेवारी 2024 मध्ये. पुढच्याच महिन्यात, त्या दिवशी मैदानात नसलेला बॅरी जॉन.

(दृश्य : सामना. क्विनेलच्या पासवर चित्र गोठतं.)

आता इथे थांबू. पडद्यावर डावीकडे बघा. ज्याच्यासाठी चेंडू निघाला होता तो.

जॉन बेव्हन. रॉन्दामधल्या टायलर्सटाउनचा. याच सामन्यात नंतर त्यानेही ट्राय केला. तो कोणाला आठवत नाही. त्याच वर्षी तो इंग्लंडच्या उत्तरेत वॉरिंग्टनला गेला. तिथे तेरा जणांची रग्बी खेळतात, आणि खेळायचे पैसे मिळत. वॉरिंग्टनसाठी त्याने दोनशेहून जास्त ट्राय केले. वेल्ससाठी तो पुन्हा पंधरा जणांची रग्बी खेळू शकला नाही, नियमच तसा होता.

या चौकटीत तो अजून पळतोय. चेंडू त्याच्या अलीकडेच हवेत आहे.