आधी तिथी, मग तिकीट

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की आपल्या नागपुरात कोकणाचे बेत सुरू होतात आणि अलीकडे त्यांत कयाकिंगची, म्हणजे स्वतः वल्हवायच्या लहानशा होडीची, हौसही मिसळू लागली आहे. मला ती मनापासून आवडते. मात्र आपण बेत आखतो तो रजा आणि रेल्वेचे आरक्षण पाहून, आणि खाडीचे पाणी चालते चंद्राच्या तालावर. म्हणून आज मी तिथीविषयी बोलणार आहे.

अंबाझरीवर किंवा रामटेकजवळच्या खिंडसीत होडी चालवणाऱ्याला थांबलेल्या पाण्याची सवय असते. मालवणजवळ, तारकर्ली-देवबागच्या पाठीशी असलेल्या कर्लीच्या खाडीत मात्र समुद्र साधारणपणे दिवसातून दोनदा आत शिरतो, दोनदा परततो आणि दररोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या खेपेला मी याचा विचारच केला नव्हता. ऐन ओहोटीत, तिकडच्या भाषेत सुकतीला, मी कांदळवनातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडीतल्या, एका अरुंद फाट्यात शिरलो. मुळांवरची ओली, काळपट रेघ आधी पाण्यालगत होती, मग बोटभर वर दिसू लागली, मग वीतभर. तिचा अर्थ उमगला तेव्हा होडीचा तळ चिखलाला लागला होता. उतरून ढकलायला गेलो तर पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि मुळाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडेने तळहात कापला. पुढचे चार तास मी भरतीची वाट पाहत तिथेच बसून होतो.

किनाऱ्यावरच्या माणसांचा यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते, खूप उतरते आणि प्रवाहही जोराचा असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो, तेव्हा प्रवाह मंदावतो. हा अंदाज पक्का मानू नये. भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि तिथल्या नावाड्याला विचारावे, कारण मुखापासून जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि खाडीत आत घुसतो, म्हणून परतताना तो नेमका तोंडावर येतो. हे सगळे जुळवले तर मला शुद्ध किंवा वद्य द्वादशी-त्रयोदशीची सकाळ सर्वांत सोयीची वाटते: सातला निघावे, चढत्या पाण्याबरोबर आत जावे, नऊ-साडेनऊला वळावे आणि वारा वाढण्याआधी ओहोटीबरोबर परत यावे. नवख्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरच असतो. तेव्हा जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर पुष्कळ झाले. ओहोटीत खाडीच्या मुखाकडे मात्र जाऊ नये, प्रवाह थेट समुद्रात ओढून नेतो. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालावे. जून ते ऑगस्ट हा बेतच नको. आणि दाभोळच्या वाशिष्ठी खाडीत मगरी आहेत, तिथे मोठ्या होडीतूनच फिरावे.

कुडाळपर्यंतचे रेल्वेचे तिकीट ६० दिवस आधी मिळते, तिथ्या तर वर्षभराच्या भिंतीवर टांगलेल्या असतात. आधी तिथीवर खूण करा, मग रजेचा अर्ज लिहा.

वळायची वेळ घड्याळापेक्षा पाण्यावरून जास्त नेमकी कळते. पांढऱ्या चिपीच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या कांदळवृक्षाच्या, सावलीत वल्हे आडवे ठेवून बसावे. पाण्यावर पडलेले एखादे पिवळे पान इतका वेळ आपल्याबरोबर आत येत असते. ते हळूहळू थबकते, क्षणभर जागीच फिरते आणि समुद्राकडे सरकू लागते. तेव्हा होडी वळवावी.