कोलिमाची माडी

नमस्कार श्रोतेहो.

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागराला लागून, कोलिमा नावाचं राज्य आहे. राज्य म्हणायचं, पण क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा पाच हजार दोनशेचा, म्हणजे त्याच्यापेक्षा जेमतेम मोठं. आणि वस्ती? २०२० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ३१ हजार. सिंधुदुर्गात २०११ सालीच साडेआठ लाख माणसं होती. मेक्सिकोत एवढी कमी वस्ती दुसऱ्या कुठल्याच राज्याची नाही. लक्षात ठेवा, सगळ्यात कमी वस्तीचं राज्य.

उत्तरेला शेजारच्या हालिस्को राज्याच्या सीमेवर ज्वालामुखी उभा आहे, चांगला जागता. २०१५ साली त्याने राख ओकली तेव्हा जवळच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. तिथून खाली उतरलात की राजधानी, तिचंही नाव कोलिमाच. आणखी खाली तेकोमानच्या लिंबांच्या बागा, आणि मग समुद्र. किनाऱ्यावर मान्सानियो बंदर आहे. पॅसिफिकच्या बाजूने मेक्सिकोत येणारे कंटेनर सर्वांत जास्त तिथेच उतरतात. राज्य एवढंसं आणि बंदर असं! बंदर कुठे असावं हे खोल पाण्यावर ठरतं, पुढाऱ्यांच्या भाषणांवर नाही. असो, तो विषय वेगळा.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. कोलिमाच्या किनाऱ्यावर माड आहेत, रांगाच्या रांगा. आणि हे माड मूळचे तिथले नाहीत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते पॅसिफिकपलीकडून आणले. झाड आणलं, पण माडीचं, म्हणजे त्याच्या फुलोऱ्यातून गळणाऱ्या रसाचं, काय? पोय, म्हणजे तो फुलोरा, बांधायची कशी, कापायची किती, मडकं कधी उतरवायचं, हे स्पॅनिश माणसाला कुठून ठाऊक असणार! कोकणातल्या श्रोत्यांना ते समजावून सांगायला नको.

हे ज्ञान आलं फिलिपिन्सच्या खलाशांकडून. तेव्हा मनिलाहून मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदराला स्पॅनिश गलबतं जायची, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन. चार-चार, सहा-सहा महिन्यांचा प्रवास. खलाशांत पुष्कळ जण फिलिपिनो. पगार तुटपुंजा, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, वाटेत थंडीने माणसं मरायची. १६१८ साली ‘एस्पिरितू सांतो’ नावाचं गलबत पलीकडे पोचलं. त्यावर ७५ फिलिपिनो खलाशी होते. परतीच्या प्रवासाला किती उभे राहिले? पाच. पंच्याहत्तरातले फार तर पाच!

बाकीचे गेले कुठे? माडावर चढले. किनाऱ्यावरचे बागायतदार त्यांना चांगली मजुरी द्यायचे, कारण माडी काढायला आणि तिच्यापासून भट्टीची दारू गाळायला दुसरं कोणी जाणतं नव्हतं. जहाजावर कुडकुडत मरण्यापेक्षा माडावर बसलेलं बरं. तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं?

पण सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानाला हे खपलं नाही. १६१९ साली त्याने थेट स्पेनच्या राजाला लिहिलं. तक्रारी दोन. पहिली, खलाशी पळतात, आणि घरी बायको असताना तिथे दुसरं लग्न करून बसतात. दुसरी तक्रार, माझ्या मते खरी तक्रार, ही की तिथले मूळ रहिवासी माडाची दारू चवीने पितात आणि स्पेनहून आलेल्या द्राक्षाच्या दारूला विचारत नाहीत. म्हणजे व्यापाऱ्यांचं नुकसान, राजाच्या तिजोरीला खोट. उपाय काय सुचवला? सगळे फिलिपिनो परत पाठवा, भट्टीची भांडी जाळा आणि माड तोडा. माड तोडा! माणूस पळाला म्हणून झाडाला शिक्षा. दारूबंदीवाल्यांची अक्कल चारशे वर्षांत फारशी बदललेली नाही, असं माझं आपलं मत.

आणि माड काही संपले नाहीत. आजही कोलिमात ताजी माडी विकतात, तिला तूबा म्हणतात. गोड, आपल्या नीरेच्या जवळची. विक्रेता भोपळ्यातून ती घेऊन फिरतो आणि पेल्यात वर भाजलेले शेंगदाणे टाकून देतो. मेक्सिकोची प्रसिद्ध मेस्काल दारू गाळायची कला या फिलिपिनो भट्ट्यांवरूनच आली असावी, असंही काही अभ्यासक मानतात.

वेळ संपत आली, आणि कारभाराचं राहिलंच. तर झटपट. दहा नगरपालिका-विभाग, विधिमंडळाचं सभागृह एकच, त्यात २५ सदस्य. गव्हर्नर सहा वर्षांसाठी थेट लोकांनी निवडलेला, आणि एकदा झाला की पुन्हा त्या पदावर नाही. मेक्सिकोतली पहिली महिला गव्हर्नर, ग्रिसेल्दा आल्वारेस, याच राज्याने १९७९ साली दिली. २०२१ पासून तिथे इंदिरा विस्काइनो आहेत, त्याही महिलाच. देशाच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे तीन सदस्य असतात, म्हणजे सात लाखांच्या कोलिमाचेही तीन आणि कोटीच्या वर वस्ती असलेल्या, मेक्सिको याच नावाच्या राज्याचेही तीन. आपल्या राज्यसभेत गोव्याला एक जागा आहे, एवढं जाता जाता सांगतो. आणि हो, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेली रेवियाहिहेदो बेटं नकाशात कोलिमाची, पण कारभार केंद्र सरकारचा. २०१६ साली ती जागतिक वारसा यादीत गेली.

नमस्कार.