खिडकीवरची भिंत कशावर उभी असते?

श्रोतेहो, नमस्कार. व्हिक्टोरियन काळातल्या इमारतींपुढे आपण थांबतो ते मनोरे आणि घुमट पाहायला. आज मात्र नजर दारं-खिडक्यांच्या डोक्यावर न्यायची आहे. भिंतीला भोक पाडलं, की वरचा भार कुणीतरी पेलायलाच हवा.

दगड दाब भरपूर सोसतो, पण वाकवला की मोडतो. म्हणून रुंद खिडकीवर आडवी शिळा टाकण्यापेक्षा कमान बरी. मुंबईत काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी बघा. 1870 सालची, मालाडच्या पिवळसर दगडातली. तिच्या टोकदार कमानींचे दगड पाचरीसारखे घडवलेले आहेत. वरून भार आला की ते एकमेकांना आवळतात आणि तो भार बाजूच्या खांबांवर उतरतो.

त्याच काळातल्या लंडनच्या घरांत मात्र दर्शनी काम एक आणि आतला आधार दुसरा. बाहेर लाल, मऊ, घासून तासलेल्या विटांची सपाट कमान. सांधे इतके बारीक, की चुन्याची जेमतेम एक पांढरी रेघ दिसावी. विटा पंख्यासारख्या तिरक्या लावलेल्या, आणि तळ सरळ वाटला तरी मधोमध किंचित उचललेला. ही कारागिरी मला फार मोलाची वाटते. पण ती असते बहुधा भिंतीच्या बाहेरच्या थरातच. आतल्या जाडीचा भार घेते लाकडी तुळई, आणि ती गिलाव्याआड दडलेली असते.

दुकानांच्या रुंद दर्शनी भागांवर बिडाच्या, घडीव लोखंडाच्या आणि शेवटी पोलादी तुळया आल्या. लोखंडाला ओल लागली की गंज फुगतो आणि भोवतीचा दगड फोडतो.

म्हणूनच कळकळीनं सांगते, अशा भिंतींचे सांधे सिमेंटनं भरू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं; मग तुळईची टोकं भिंतीतच कुजतात. खिडकीवर पायऱ्या-पायऱ्यांचा तडा दिसला, तर लगेच लिंपून टाकू नका. आतून थोडा गिलावा काढून तुळईच्या दोन्ही टोकांना टोच्या लावून पाहा. तो सहज आत गेला, तर चौकटीला हात लावण्याआधी वरच्या भिंतीला टेकू द्या आणि जुन्या बांधकामाचा जाणकार अभियंता बोलवा. खिडकी बदलायचं काम त्यानंतर.