विष बनवायला किती दिवस लागतात?

मंडळी, आपल्यातले बरेच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कथाखेळ खेळवतात, म्हणून थेट हिशेबालाच हात घालतो. २०१४ च्या नियमांत साध्या विषाची कुपी १०० सोन्याच्या नाण्यांना मिळते. स्वतः बनवायची तर विषाचं किट हवं, ते ५० नाण्यांचं, आणि ते वापरण्याचं प्रावीण्यही हवं. कच्चा माल निम्म्या किमतीचा, आणि काम पुढे सरकतं दिवसाला ५ नाण्यांच्या हिशेबानं. म्हणजे एका कुपीला २० दिवस. तेवढ्यात कैरीचं लोणचंसुद्धा मुरायला लागतं.

बरं, हाती काय येतं? पात्यावर विष चोपडण्यात एक अॅक्शन, म्हणजे लढाईतल्या आपल्या पाळीची मुख्य कृती, खर्च. मिनिटभरात ते वाळतं. घाव बसलाच तर समोरच्यानं १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (विष पचवण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा) हुकवायचा, मग एका चार बाजूंच्या फाशाइतकं नुकसान. साध्या गॉब्लिनच्या, म्हणजे खेळातल्या किरकोळ शत्रूच्या, बाबतीत काढून बघा: घावामागे सरासरी एकाच्या जरा वर. मग खेळाडू 'रोग' (rogue, चोरट्या चालीचं पात्र) घेतो, किट घेतो, आणि तिसऱ्या सत्रापासून ते किट पिशवीतून बाहेर येत नाही. यात त्याचा काय दोष?

आता दुसरं टोक. पर्पल वर्म या अजस्र किड्याचं विष: किंमत २०००, सेव्ह १९, नुकसान सहा बाजूंचे १२ फासे. त्याच नियमानं बनवायला ४०० दिवस! २०१७ च्या पुरवणीनं वेग वाढवून आठवड्याला ५० नाणी केला, तरी ४० आठवडे उरतातच. पण डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात आणखी एक नियम आहे, आणि तो फारसा कोणी वापरताना दिसत नाही. प्राणी मेलेला किंवा निपचित पडलेला असेल, तर त्याचं विष काढायला एक ते सहा मिनिटं लागतात. मग नेचरचा, म्हणजे निसर्गज्ञानाचा, २० चा चेक. जमला तर एक मात्रा हाती. पाच किंवा जास्तनं हुकला, तर तेच विष तुम्हाला भिनतं.

म्हणजे कार्यशाळेत बसलात तर वर्षाहून जास्त, आणि वर्मला लोळवलंत तर सहा मिनिटं. मला हा दुसरा नियम जास्त आवडतो. त्यात धोका आहे, फासा टाकताना टेबलावर सगळे गप्प होतात, आणि जी मात्रा मिळते तिच्यामागे एक लढाई असते. पहिल्या नियमात नुसतं कॅलेंडर आहे. चमूतले बाकीचे २० दिवस काय करणार, सरायीत भिंतीला टेकून बसणार?

डिझायनरांनाही हे खुपलं असावं. २०२० मध्ये पॉयझनर नावाचं फीट, म्हणजे पात्राला घेता येणारं खास कौशल्य, आलं: एक तास, ५० नाण्यांचा माल, आणि प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (हा आकडा पात्राच्या पातळीबरोबर वाढतो) मात्रा. सेव्ह १४, दोन आठ बाजूंचे फासे, वर समोरचा 'पॉयझन्ड', म्हणजे त्याचे वार कमजोर. आणि पात्यावर लावणं बोनस अॅक्शनवर, म्हणजे मुख्य कृती हातात राखून. २०२४ च्या आवृत्तीत साध्या विषाचा सेव्हच काढून टाकला. लागलं की लागलं. रोजचा वेगही १० नाण्यांवर गेला. सुधारणा आहे, पण माझ्या मते अर्धीच, कारण माल म्हणजे अजूनही नाणीच.

माझ्या टेबलावर मी दिवस कमी करतो आणि माल अवघड करतो. साध्या विषाला एक रात्र पुरे, पण मुळी कुठल्या दलदलीत मिळते हे शोधावं लागतं. वायव्हर्नच्या (ड्रॅगनचा भाऊबंद) विषाला वायव्हर्नच हवा, सोनं चालत नाही. पोटातून जाणाऱ्या विषांची तर गंमतच वेगळी. 'मिडनाइट टीअर्स' मध्यरात्रीपर्यंत काहीच करत नाही, मग एकदम नऊ फासे. मेजवानी आटोपून खेळाडू शहराबाहेर पोचलेले असतात. अशा विषाचं अख्खं सत्र होतं, लढाईत ते वाया घालवू नका.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. झोंबीसारखी चालती मढी, यंत्रपुतळे, नरकातले बहुतेक जीव यांना विष बाधतच नाही. फीटमुळे रेझिस्टन्स (अर्धंच नुकसान) ओलांडता येतो, इम्युनिटी (नुकसानच नाही) नाही. तुमची मोहीम थडग्यांमध्ये घडणार असेल, तर किट घेणाऱ्याला हे पात्र बनवतानाच सांगा.