कार्डाचा सातबारा

मंडळी, सातबारा न बघता जमीन घेणारा माणूस या सभागृहात एकही नसेल. तोच माणूस पंचवीस-तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड मात्र खोक्यावरचा आकडा बघून उचलतो. माझं म्हणणं असं, की कार्डालाही सातबारा असतो. नमुना सात म्हणजे क्षेत्र: कोअर (एकाच वेळी गणितं करणारे छोटे कामगार) किती, मेमरी किती, बस (मेमरी ते चिप हा रस्ता) किती रुंद. नमुना बारा म्हणजे पीक: प्रत्यक्षात सेकंदाला फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, किती मिळतात. शिवाय सातच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. तो वाचायला कुणालाच वेळ नसतो आणि बोजा नेमका तिथेच चढवलेला असतो. (हशा) आज एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० आणि ४०६० या कार्डांचे उतारे शेजारी-शेजारी ठेवायचे आहेत. ते करूच. आधी नावांचा घोळ निस्तरू.

एनव्हिडियाचंच जीटी १०३० घ्या. २०१७ साली हे कार्ड जीडीडीआर५, म्हणजे ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरं आलं, डीडीआर४, म्हणजे साध्या रॅमची मेमरी लावून. कोअर तेच ३८४, बस दोन्हीकडे ६४ बिटांची. फरक मेमरीच्या वेगात. हिशेब लिहून घ्या: बसची रुंदी (बिट) गुणिले मेमरीचा वेग (दर बिटामागे सेकंदाला गिगाबिट), भागिले आठ, कारण आठ बिटांचा एक बाइट. पहिल्याचं ६४ गुणिले ६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्याचं ६४ गुणिले २.१ भागिले ८, म्हणजे १६.८. साधारण तिसरा हिस्सा! बऱ्याच गेममध्ये फ्रेम थेट निम्म्यावर आल्या. चरकावर माणसं तेवढीच, ऊस आणणाऱ्या गाड्या मात्र तीनातली एकच. आणि खोक्यावर याची खूण काय, तर बारीक अक्षरात ‘डीडीआर४’. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या नव्या रॅमवरही हेच लिहिलंय, म्हणजे चांगलंच असणार.

हे गरिबाच्या कार्डापुरतं आहे असं समजू नका. जीटीएक्स १०६० ची ३ आणि ६ जीबीची कार्डं नुसती मेमरीने वेगळी वाटतात. कोअरही ११५२ आणि १२८० असे वेगळे आहेत. जीटीएक्स ९७० वर ४ जीबी लिहिलेलं, त्यातला शेवटचा अर्धा जीबी इतका मंद की अमेरिकेत खटला उभा राहिला आणि २०१६ मध्ये कार्डामागे ३० डॉलर द्यायची तडजोड झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तर आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर झाली, एकात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०. लोकांनी इतकी बोंब ठोकली की धाकट्याचं नाव महिन्याच्या आत मागे घेतलं. जानेवारीत तेच बाळ ४०७० टीआय म्हणून पुन्हा पाळण्यात. बारसं दोनदा! (हशा)

आजचे पाहुणेही यातून सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ ची मूळ ३०६० ही १२ जीबी आणि १९२ बिटांची. २०२२ च्या अखेरीस त्याच नावाची ८ जीबीची आली, बस १२८ बिटांची. कोअर तेवढेच, पण सेकंदाला ३६० जीबीचे २४० झाले. म्हणून यापुढे मी ३०६० म्हणेन तेव्हा १२ जीबीचीच समजा.

(आयोजकांची चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? बरं. मग भराभर घेतो.

आधी सात. ३०६० मध्ये ३५८४ कोअर, ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नवीन कार्डात कोअर कमी. पण बूस्ट क्लॉक, म्हणजे कोअरचा जोरात चालतानाचा ठोका, १७७७ वरून २४६० मेगाहर्ट्झ झालाय. कोअर गुणिले दोन गुणिले क्लॉक केलं की १२.७ आणि १५.१ टेराफ्लॉप (सेकंदाला लाख कोटी गणितं) निघतात. मेमरीचा वेग मात्र ३६० वरून २७२ जीबीवर उतरला. तरी ४०६० मागे पडत नाही, कारण चिपमधली एल२ कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी, ३ एमबीची २४ एमबी झाली. हे जरा जवळून बघा. १९२० बाय १०८० चा, पिक्सेलला चार बाइटचा एक बफर, म्हणजे पडद्याच्या एका चित्राची साठवण, ८.३ एमबीचा होतो. २४ मध्ये बसतो. चौपट पिक्सेलच्या फोर-केचा तोच बफर ३३ एमबीचा, मावत नाही. म्हणून १०८०पी वर अरुंद बस खपून जाते आणि रिझोल्यूशन वाढवलं की उघडी पडते.

३०६० ला १२ जीबी कुणी मोठ्या मनाने दिले नाहीत. मेमरीची एक चिप ३२ बिट अडवते. १९२ बिट म्हणजे सहा चिपा, एकेक जीबीच्या लावल्या तर ६, दोनदोनच्या लावल्या तर १२. मधलं काही नाही.

आता इतर हक्क. ३०६० ला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) १६ लेन, ४०६० ला ८. नव्या बोर्डावर फरक जाणवत नाही. बी४५० सारख्या जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं) ८ जीबीत मावतात तोवर नुकसान थोडं. मेमरी भरून सांडली की माल रॅममधून याच गल्लीने येतो. तेव्हा फ्रेमची सरासरी बरी दिसते आणि खेळ मात्र अडखळतो.

बारा बघू. १०८०पी वर ४०६० साधारण पंधरा-वीस टक्के पुढे, तीही १७० ऐवजी ११५ वॉटमध्ये. रोज चार तास खेळलात तर महिन्याला साडेसहा युनिट वाचतात. फार नाचू नका. फ्रेम जनरेशनचे आलेख या तुलनेतून बाजूला काढा. त्यातल्या निम्म्या फ्रेम मधल्या मध्ये रचून भरलेल्या असतात, तलाठ्याने घरी बसून नोंदवलेल्या पिकासारख्या. (हशा) मूळ तीस फ्रेम असतील तर माउसला तीसचाच जडपणा राहतो, वर मेमरीही जास्त जाते. घरच्या घरी चॅटबॉटसारखी भाषेची मॉडेलं चालवणाऱ्यांनी मात्र ३०६० घ्यावी. १३ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलमधले शिकलेले आकडे), प्रत्येकी चार बिटांवर आणलेलं मॉडेल सुमारे ८ जीबीचं होतं. बाराच्या कार्डात मावतं, आठच्यात नाही.

स्वतः मोजणार असाल तर कॅबिनेट बंद ठेवा, कार्ड पंधरा मिनिटं तापू द्या, एकच प्रसंग चारदा चालवा आणि पहिली फेरी सोडून द्या, तिच्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात. सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही लिहा. मेमरी सांडलेली तिथेच कळते.

दुकानात वेळ नसेल तर निदान जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून घ्या. लेनच्या ओळीत सुरुवातीला १.१, म्हणजे अगदी जुन्या पिढीचा आकडा दिसेल, घाबरू नका; कार्ड झोपलेलं असतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून चाचणी लावली की खरा आकडा येतो. मग ‘बस विड्थ’ बघा. ३०६० म्हणून विकताहेत आणि तिथे १२८ आलं, तर पैसे द्यायच्या आधी कार्ड परत करा.